आधी तळ ओळखावा

रायगडच्या किनाऱ्यावरच्या अष्टागरातल्या कोणत्याही जुन्या स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा एक अलिखित कायदा असतो. तांब्याच्या घागरीला चिंच किंवा वापरून झालेले आमसूल लागते. बिडाच्या तव्याला आंबट लावायचे नसते, त्याला तेलाचा हात हवा. कल्हई केलेले पातेले वाळूने घासले तर काळ्याबरोबर कल्हईही जाते. हे कोणी वर्गात बसवून शिकवत नाही, तरी चिंच घेऊन तवा घासायला कोणी जात नाही. धातू कोणता, त्यावर बसलेले काय आणि मग हाताशी असलेल्यातले काय चालेल, हा क्रम हाताला ठाऊक असतो. मात्र त्याच घरात इस्त्रीला काळे लागले की हा सारा शहाणपणा बाजूला पडतो आणि एकच प्रश्न विचारला जातो: इस्त्री कशाने साफ होते? मग शेजारपाजारून उत्तरे येतात. मीठ, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, मेणबत्ती, व्हिनेगर, अगदी तापाची गोळीसुद्धा. यातले प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या इस्त्रीवर खरे ठरलेले असते, म्हणून ते टिकून आहे. त्याच उत्तराने दुसरी एखादी इस्त्री कायमची खरखरीत झालेली असते, पण ती हकीकत कोणी सांगत नाही. घरातल्या जिनसांनी इस्त्री साफ करता येते, याबद्दल या पुस्तिकेला शंका नाही. तिचे म्हणणे एवढेच की भांड्यांचा कायदा इस्त्रीलाही लावावा: आधी तळ ओळखावा, मग डाग, आणि पदार्थ सगळ्यांत शेवटी निवडावा. रायगडच्या किनाऱ्यावर या कायद्याला आणखी एक कलम जोडावे लागते. साफ करणारा पदार्थही नंतर साफ करावा लागतो. तसे का, ते पुढे येईलच.

तळाचा प्रश्न पूर्वी फारसा नव्हता. परिटाच्या दुकानातली कोळशाची इस्त्री पितळेची किंवा बिडाची असे. पोटात लाकडाचा किंवा करवंटीचा कोळसा, आणि खाली बोटभर जाडीचा धातू. ती राखेने घासली, विटकरीच्या भुकटीने घासली, तरी झिजायला पिढी लागे, आणि रोजच्या फिरण्याने तळ आपोआप गुळगुळीत होत राही. विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये घेतले. पुढच्या शतकात ती घरोघरी पोचेपर्यंत तिचा तळ मात्र अनेकदा बदलला. जुन्या वजनदार इस्त्र्यांच्या लोखंडी तळावर क्रोमचा चकचकीत मुलामा असतो. हलक्या इस्त्र्यांचा तळ बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, काहींवर टेफ्लॉनचा काळा किंवा सोनेरी थर, काहींवर सिरॅमिकचा. वाफेच्या महागड्या इस्त्र्यांना स्टेनलेस स्टील असते. दिसायला सगळ्याच इस्त्र्या, पण स्वभावाने तवा आणि घागर यांच्याइतक्या वेगळ्या. ओळखायला घरातले एक लहानसे चुंबक बरीच मदत करते. ते तळाला घट्ट चिकटले तर आत लोखंड किंवा पोलाद आहे. न चिकटले तर तळ बहुधा ॲल्युमिनियमचा, क्वचित पितळेचा किंवा चुंबक न धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा. रंगाने, वजनाने आणि सोबतच्या माहितीपत्रकाने उरलेला निर्णय होतो. धातूची निवड चुंबकाच्या कसोटीवर करण्याचा मान अलिबागला जुनाच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, आणि तिथल्या वेधशाळेच्या इमारतींत चुंबकाला ओढणारे साहित्य मुद्दाम टाळले गेले. एवढ्या काटेकोरपणाची इस्त्रीला गरज नाही. अर्ध्या मिनिटाची पाहणी पुरते.

तळानंतर डाग. इस्त्रीवरचा डाग म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो तो निदान चार वेगळ्या गोष्टींचा असतो. पहिला डाग खळीचा. भाताच्या मुलुखात पेजेची खळ जुनी, आणि आज बाजारातला स्टार्च. तो कोरडा तापला की तपकिरी होतो आणि करपला की काळा. दुसरा डाग कृत्रिम धाग्याचा, म्हणजे वितळून चिकटलेल्या पॉलिएस्टरचा, नायलॉनचा किंवा टीशर्टवरच्या रबरी छपाईचा. तिसरा डाग गंजाचा आणि मिठाचा. समुद्राच्या वाऱ्याने तो या पट्ट्यात इतर ठिकाणांपेक्षा लवकर येतो. चौथा डाग पाण्याचा. वाफेच्या इस्त्रीच्या भोकांभोवती पांढरट पापुद्रा जमतो, तो हा. यातला दुसरा डाग तसा अलीकडचा आणि त्याचा एक धागा याच रायगड जिल्ह्यात आहे. पाताळगंगेच्या काठावर १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर सुताचा कारखाना सुरू झाला तो अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीच्या तंत्रज्ञानावर. त्याच ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांच्या हाती टेफ्लॉन लागले होते. आज इस्त्रीला चिकटणारा धागा आणि तो चिकटू नये म्हणून तळावर दिलेला थर अशा दोन्हींचे एक टोक त्या एकाच कंपनीकडे जाते. सुती धोतर-लुगड्यांच्या काळातली घासण्याची रीत या नव्या डागाला आणि नव्या तळाला तशीच्या तशी लागू पडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

खळीचा डाग सर्वांत सौम्य, आणि त्याच्यावरच सर्वाधिक अत्याचार होतात. स्टार्च कोरडा भाजला की त्याचे डेक्स्ट्रिन बनते, आणि डेक्स्ट्रिन पाण्यात विरघळते. म्हणजे तपकिरी अवस्थेतला खळीचा डाग घासायचा नसतोच, भिजवायचा असतो. प्लग काढावा, इस्त्री कोमट होऊ द्यावी, ओला सुती फडका घडी करून तिच्या तळाखाली दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि मग पुसावे. डागाचा बराचसा भाग फडक्यावर येतो. करपून काळा झालेला भाग पाण्याला दाद देत नाही. त्याला खाण्याच्या सोड्याची दाट पेस्ट आणि मऊ फडका लागतो. सोड्याचे कण धातूच्या मानाने मऊ असतात आणि त्याचे द्रावण किंचितच अल्कली असते, पीएच सुमारे ८.३. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने जो पातळ संरक्षक थर धरलेला असतो तो साधारण ४ ते ८.५ पीएचच्या पट्ट्यात शाबूत राहतो. सोडा या कुंपणाच्या जेमतेम आत बसतो. पण इथे एक बारकावा सुटतो आणि घात होतो. तापलेल्या इस्त्रीवर सोडा लावला तर उष्णतेने त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा. त्याच्या द्रावणाचा पीएच ११च्या आसपास जातो. तो ॲल्युमिनियमला खातो आणि तळ काळवंडतो. सोडा लावून काळेपणा वाढला अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष सोड्याचा नसतो, इस्त्री गरम असताना तो लावण्याचा असतो. खाण्याचा सोडा गार इस्त्रीलाच लावावा, आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला कधीच लावू नये.

कृत्रिम धाग्याच्या डागाचे तर्कशास्त्र नेमके उलट. पॉलिएस्टर पाण्यात विरघळत नाही, सोड्याला जुमानत नाही, आणि गार असताना घासले तर त्याच्याआधी तळ झिजतो. त्याची दुखरी नस उष्णता हीच आहे. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याआधीच मऊ पडून चिकटू लागते. कपड्यांच्या लेबलवर एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११०, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश. सुती कपड्याच्या तापमानावर टेरीकॉटची पँट दाबली की डाग पडणार, हे यातच लिहिलेले आहे. तो काढायचा तर इस्त्री डाग मऊ होईल इतपतच तापवावी, प्लग काढावा आणि लाकडी पट्टीने किंवा आइस्क्रीमच्या काडीने हलकेच सारावे. सुरी किंवा ब्लेड नको. उरलेल्या पापुद्र्याला मेण उपयोगी पडते. जुन्या सुती फडक्याच्या घडीत पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा गुंडाळून त्यावर गरम इस्त्री फिरवली की वितळलेले मेण चिकटा सैल करते आणि फडका तो टिपून घेतो. नंतर दुसऱ्या कोऱ्या फडक्यावर इस्त्री फिरवून मेण पूर्ण काढावे, नाहीतर ते पुढच्या सदऱ्यावर उतरेल. तापाच्या गोळीचा प्रयोगही याच जातीचा आहे. पॅरासिटामॉल १७० अंशांच्या आसपास वितळते आणि तो गरम द्रव चिकटा मऊ करतो. म्हणून ती युक्ती चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही ती इथे शिफारस म्हणून दिलेली नाही. नखाएवढी गोळी तापलेल्या धातूवर चोळताना चटका बसायला क्षण पुरतो, आणि तापलेल्या औषधाचा धूर नाकात जातो तो वेगळाच. मेणाने जे होते त्यासाठी औषध जाळण्याचे कारण नाही. नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य तर सरळ वर्ज्य मानावे. त्यातल्या ॲसिटोनचा पॉलिएस्टरवर फारसा परिणाम होत नाही, पण गरम इस्त्रीजवळ ते भडकते.

आता मीठ. कागदावर मीठ पसरून त्यावर गरम इस्त्री फिरवण्याचा उपाय जगभर प्रसिद्ध आहे आणि त्यामागचे कारण भक्कम आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापावर मीठ २ ते २.५ वर आहे, गारगोटी ७ वर. मिठाचे कोपरेदार स्फटिक करपलेला थर खरवडण्याइतके कठीण असतात, पण पोलादावर किंवा क्रोमवर ओरखडा काढण्याइतके नसतात, आणि कोरडे असल्याने उष्णतेत चिकटतही नाहीत. ज्या किनाऱ्यावर आगर हा शब्द नारळी-पोफळीच्या वाडीलाही वापरतात आणि मिठाच्या वाफ्यांनाही, तिथे हा उपाय घरचाच वाटावा. पण इथेच तो सर्वांत जपून वापरावा लागतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. पेण-उरणकडच्या मिठागरांतल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, तो तर ३३ टक्क्यांनाच पाझरतो. अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ७५च्या बरीच वर राहते. बरणीतले मीठ ओले होते ते त्यामुळेच. म्हणजे वाफेच्या भोकांत किंवा तळाच्या कडेला अडकलेला मिठाचा कण कोरड्या प्रदेशात निरुपद्रवी पडून राहील, पण इथे तो खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन बसेल. क्लोराइड ॲल्युमिनियमच्या संरक्षक थराला टाचणीएवढी भोके पाडते आणि क्रोमच्या तड्यांतून आत शिरून खालचे लोखंड गंजवते. म्हणून मीठ वापरायचे तर बारीक आणि कोरडे, बिनभोकांच्या आणि थर नसलेल्या तळावर, आणि नंतर इस्त्री गार झाल्यावर ओल्या फडक्याने दोनदा व कोरड्याने एकदा पुसायची. प्रस्तावनेच्या आरंभी म्हटलेले जादा कलम ते हेच. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या उन्हाळी हवेत हे शेवटचे पुसणे टाळले तरी कदाचित निभावेल, रेवदंड्यात निभावणार नाही.

आंबटाची बाजूही अशीच तपासून घ्यावी लागते. व्हिनेगर, लिंबू, चिंच, आमसूल यांच्यात आम्ल आहे, आणि आम्लाचा खरा विषय क्षार आणि धातूची ऑक्साइडे. पितळी इस्त्री चिंचेने उजळते ती त्यामुळे. पण करपलेल्या खळीवर किंवा पॉलिएस्टरवर आम्ल काही करत नाही, आणि ॲल्युमिनियमवर ते रेंगाळले तर डाग उठतो. मीठ घातलेले कोकमाचे आगळ तर आम्ल आणि क्लोराइड एकत्र घेऊनच येते. तांब्याला ते शोभते, ॲल्युमिनियमला मारक ठरते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची हौसही याच ठिकाणी निकालात काढावी. फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केल्याची खूण आहे. उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी. फेसाच्या बुडबुड्यांनी थोडी माती सुटेल, पण सोड्याचा अल्कलीपणाही गेला आणि व्हिनेगरचा आंबटपणाही. वाफेच्या इस्त्रीच्या भोकांत जमलेला कठीण पाण्याचा पापुद्रा हे मात्र आम्लाचे योग्य गिऱ्हाईक. व्हिनेगरात बुडवलेली कापसाची काडी भोकांभोवती फिरवून लगेच पुसावी. अख्खी टाकी व्हिनेगरने भरण्याची घाई नको, कारण अनेक कंपन्या माहितीपत्रकात तसे करू नये असे स्पष्ट बजावतात. शिवाय किनाऱ्यावरच्या विहिरींचे मचूळ पाणी टाकीत गेलेले असेल तर पांढरे दिसणारे सगळेच चुन्याचे नसते. बराच भाग साध्या मिठाचा असतो आणि तो गोड्या पाण्याने दोन-तीनदा टाकी विसळून निघतो. साध्या पाण्याने जाणाऱ्या डागावर आम्ल वापरणे म्हणजे उघड्या दाराला किल्ली शोधणे.

यावर पहिला आक्षेप येईल तो परंपरेच्या नावाने. आमच्याकडे वर्षानुवर्षे राखेने आणि काथ्याने इस्त्री घासत आले, कुठे काय बिघडले? आक्षेपात तथ्य आहे, पण ते जुन्या इस्त्रीपुरते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे ती अल्कली आहे. भाताच्या तुसाची राख तर बहुतांश सिलिका असते, तिचे कण काचेइतके कठीण. जाड बिडाला या दोन्हींचे काही वाटत नाही. ॲल्युमिनियमला मात्र एकाच वेळी ओरखडा आणि अल्कली असा दुहेरी मार बसतो, आणि टेफ्लॉनचा थर केसापेक्षाही पातळ असल्याने तो तारेच्या घासणीने एका रविवारी संपतो. ओरखडलेल्या तळावर पुढची खळ अधिक घट्ट धरते, मग आणखी जोराने घासावे लागते. परंपरा इथे चुकलेली नाही, तिच्या हातात वेगळी वस्तू दिली गेली आहे. टूथपेस्टचे प्रकरणही असेच. तिच्यात घर्षणासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका घातलेली असते. क्रोमच्या तळावर थोडी चालेल, थर दिलेल्या तळावर नाही. तिथे कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि मऊ फडका एवढेच पुरे, आणि तेवढ्याने न निघणारा डाग राहू द्यावा. डागापेक्षा थर महाग आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. बाजारात इस्त्री साफ करण्याच्या कांड्या मिळतात, मग एवढा विचार कशाला? कांडी वाईट नाही. तीही गरम तळावर वितळून चिकटा सैल करणारी वस्तूच आहे. पण ती कोणत्या तळावर चालते हे पाहावे लागतेच, म्हणजे विचार काही सुटत नाही, फक्त पैसे जास्त जातात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सामान्य घराने रसायनशास्त्र शिकावे काय? त्याचे उत्तर पहिल्या परिच्छेदातच आहे. चिंचेत टार्टरिक आम्ल असते हे ठाऊक नसतानाही घागर नीट उजळत आली आहे. नावांची गरज नाही, क्रमाची आहे. आणि शाळेच्या पांढऱ्या गणवेशावर सकाळी साडेसहाला उमटणारा तपकिरी पट्टा किंवा ओढून फाटलेली साडी पाहिली, तर हा क्रम पाळण्याची मेहनत फार नाही हे पटते.

पुढच्या पानांत तळांप्रमाणे प्रकरणे केली आहेत, पदार्थांप्रमाणे नाहीत, ते याच कारणाने. प्रत्येक प्रकरणात काही सूचना पुन्हा पुन्हा येतात आणि त्या कंटाळवाण्या वाटल्या तरी वगळू नयेत. ओला पदार्थ लावताना प्लग काढलेला असावा. इस्त्री पाण्यात बुडवू नये. पुसल्यावर ती पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नये, आणि पावसाळ्यात तर अर्थिंगची खात्री केल्याशिवाय नाहीच. डाग पडू नये याची युक्तीही साधी आहे. कमी तापमानाचे कपडे आधी घ्यावेत, सुती शेवटी, कारण इस्त्री तापते झटकन पण निवते सावकाश. छापील टीशर्ट उलटा करून घ्यावा. काम झाल्यावर वाफेची टाकी रिकामी करावी आणि पावसाळ्यात इस्त्री उघड्या खिडकीपाशी न ठेवता बंद कपाटात ठेवावी. वाचकाला विनंती एकच आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी घरातली इस्त्री गार असताना उलटी करून उजेडात धरावी, तिला चुंबक लावून पाहावे, आणि मग या पुस्तिकेतले तिचे प्रकरण तेवढे वाचावे.